महासाथ आणि सहकारी गृहनिर्माण संस्था

महाराष्ट्रात लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. इमारत सांभाळायची, पाणी, लिफ्ट आणि दिवाबत्ती पाहायची, मेंटेनन्स गोळा करून हिशेब चोख ठेवायचा, एवढे त्यांचे नेहमीचे काम. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमात 2019 मध्ये या संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, तेव्हाही कोविडची महासाथ कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि रहिवाशांचे आरोग्य, किराणा, पुढे लससुद्धा कमिटीच्या अंगावर येऊन पडली. कमिट्यांनी हे ओझे कसे पेलले याचा विचार करताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. मदत सभासदत्वाच्या रेषेपर्यंत चांगली पोचली आणि रेषेपलीकडे फार तुटपुंजी गेली.

श्रेय देण्याआधी घराचा स्वतःचा वाटा वजा करायला हवा. जुलै 2020 मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या रक्ततपासणी सर्वेक्षणात झोपडवस्तीतील सुमारे 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, तर इतर वस्तीत सुमारे 16 टक्के. दाट वस्ती आणि सामाईक शौचालय यांचा त्या फरकाशी संबंध जोडला गेला. सोसायटीतल्या माणसाला स्वतंत्र संडास आणि आजाऱ्याला निजवायला वेगळी खोली असेल, तर कमिटीने काही करण्याआधीच त्याचे बरेचसे रक्षण झालेले असते.

कमिटीचे खरे बळ तिच्याजवळच्या माहितीत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात, त्यांचा मुलगा परदेशी आहे, समोरच्या काकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, हे वॉर्ड ऑफिसला ठाऊक नसते, सेक्रेटरीला असते. या ओळखीवरच भाजीचा टेम्पो गेटवर आला, एकच ऑक्सिमीटर पुसून पुसून घराघरांत फिरला, बाधित घराच्या दाराशी स्टुलावर डबा ठेवला गेला आणि त्या घराचा कचरा वेगळ्या पिशवीत बांधून खाली गेला. हे करणारे बहुतेक जण बिनपगारी होते आणि स्वतःही धोक्यात होते. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र चौकट आखडती होती. उपविधींनुसार दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड 0.25 टक्के, दोन्ही इमारतीसाठी राखीव. माणसांच्या अडचणीसाठी असा ठरलेला निधी नाही. थकबाकीवर मात्र 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येत होते. ते माफ करायचे तर सर्वसाधारण सभा हवी, आणि माणसे एकत्र जमायलाच बंदी. वार्षिक सभांची मुदत सरकारने मार्च 2021 पर्यंत वाढवली, पण पगार बुडालेल्या घराची अडचण एप्रिल 2020 मधलीच होती.

रेषेपलीकडे पहिला भाडेकरू. तो फार तर नाममात्र सभासद. त्याला मत नाही. एप्रिल 2020 मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची आणि कुणाला घराबाहेर न काढण्याची सूचना केली, पण त्यात सोसायटीची काही भूमिकाच नव्हती. त्याच्याही पलीकडे घरकाम करणाऱ्या मावशी. निर्बंध सैल झाल्यावरही कित्येक गेटांवर त्यांना अडवले गेले, आणि सरकारी आदेशांपेक्षा वेगळे नियम सोसायट्यांना परस्पर करता येणार नाहीत, हे सहकार खात्याला बजावावे लागले. वॉचमनची गत आणखी विचित्र. त्याला आवारातच मुक्काम करायला लावले, तो मीटर रूमशेजारी झोपला, रात्री ॲम्ब्युलन्ससाठी गेट त्यानेच उघडले. पण रहिवाशांच्या यादीत त्याचे नाव नव्हते.

शासनानेही ही रचना तशीच वापरली. 5 एप्रिल 2021 च्या आदेशाने पाचांहून अधिक बाधित असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र ठरली आणि नियम मोडल्यास पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड ठेवला. दाराशी कुणाला अडवायचे याचा अधिकार असा वाढत गेला, प्रशिक्षण मात्र कुणी दिले नाही. त्याची किंमत 30 मे 2021 रोजी कांदिवलीत दिसली. एका सोसायटीत भरलेल्या शिबिरात सुमारे 390 जणांना टोचलेली लस बनावट असल्याचे उघड झाले. रहिवाशांनी विश्वासाने हात पुढे केला होता. लस कुठून आली हे पडताळण्याची यंत्रणा कोणत्याही सोसायटीकडे असणे शक्यच नव्हते.

उपविधींमध्ये आपत्तीचे स्वतंत्र कलम हवे. एकाकी वृद्ध आणि आजाऱ्यांची नोंद, सभा न घेता ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करण्याची मुभा, आणि त्या खर्चात भाडेकरू, वॉचमन व सफाई कामगार यांचा स्पष्ट समावेश, एवढे तरी त्यात असावे. सुधारणा मंत्रालयातून येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालायला सेक्रेटरीला आजच लेखी कळवा.