पातळ, कडक स्टेनलेस पत्रा छोट्या वर्कशॉपमध्ये अचूक कसा कापायचा?

बागलाण तालुक्याचं मुख्यालय असलेलं सटाणा कांदा, डाळिंब आणि द्राक्षांसाठी ओळखलं जातं. फवारणीच्या दिवसांत एखाद्या यंत्रातली अर्ध्या मिलिमीटरची स्प्रिंगपट्टी तुटली, तर ती गावातल्याच वर्कशॉपमध्ये बनेल का, हा पहिला प्रश्न असतो. कारण नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत जायचं म्हणजे एका बाजूने सुमारे ९० किलोमीटरचा प्रवास.

पट्टी गावातही कापता येते. पण पद्धत चुकली तर दिसायला अगदी बरोबर असलेली पट्टी थोड्याच दिवसांत वाकते, तुटते किंवा गंजते. असं का होतं?

पत्रा कडक कशामुळे होतो?

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. पण त्याचे सगळे प्रकार एकाच पद्धतीने कडक होत नाहीत.

• ३०१ किंवा ३०४ : हा पत्रा थंड असतानाच रोलरमधून दाबून कडक केला जातो. पूर्ण कडक ३०१ची ताकद नरम ३०४च्या दुपटीहून जास्त असते. तो लालभडक तापला तर नरम पडतो आणि पुन्हा तापवून, विझवून कडक होत नाही.

• ४२० : चाकूच्या पात्यांसाठी वापरला जातो. हा तापवून, झपकन थंड करून कडक होतो. यालाच कारागीर ‘पाणी देणं’ म्हणतात.

ओळखायचं कसं? कडक ४२०वर कानस घसरते. कडक ३०१वर ती जोर लावल्यावर थोडी चावते. फक्त चुंबकावर विसंबू नका, कारण दाबून कडक केलेला ३०१ही चुंबकाला थोडा चिकटतो.

नेहमीची हत्यारं का चालत नाहीत?

हातकात्री : साध्या लोखंडी पत्र्यासाठी १.२ मिमीपर्यंत चालणारी कात्री स्टेनलेसमध्ये साधारण ०.८ मिमीपर्यंतच चालते, तीही पत्रा नरम असेल तर. कडक पत्र्याची कड वळते आणि कात्रीची धार जाते.

हॅकसॉ : इंचाला ३२ दातांच्या ब्लेडमध्ये दोन दातांत ०.८ मिमी अंतर असतं. अर्ध्या मिमीचा पत्रा त्या फटीत अडकतो आणि दात तुटतात. नरम पत्रा प्लायवूडच्या दोन तुकड्यांत दाबून कापता येतो. कडक ४२०पुढे हा उपायही चालत नाही.

शिअरिंग मशीन : सरळ कापासाठी उत्तम. पण दोन पात्यांतली फट पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के हवी, म्हणजे अर्ध्या मिमीला ०.०२५ ते ०.०५ मिमी. झिजलेल्या मशीनवर इतकी बारीक फट टिकत नाही.

मग वर्कशॉपमध्ये काय करायचं?

१. पट्टीची लांबी पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेने ठेवा. आडवी कापलेली स्प्रिंग वाकताना लवकर तडकते.

२. आखणी केल्यावर रेषेच्या बाहेर अर्धा मिमी जास्तीचा पत्रा सोडा.

३. पत्रा दोन जाड लोखंडी पट्ट्यांमध्ये रेषेजवळ घट्ट आवळा. तो थरथरत नाही आणि उष्णता पट्ट्यांत उतरते. स्टेनलेसमधून उष्णता साध्या लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वेगानेच पसरते, म्हणून कापाची जागा पटकन तापते.

४. स्टेनलेससाठीची १ मिमीची कटिंग डिस्क वापरा. लोखंड कापलेली डिस्क लावली तर तिचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज धरतो.

५. थोडं कापा, थांबा, पत्रा थंड होऊ द्या. चालू इलेक्ट्रिक ग्राइंडरवर पाणी ओतू नका. कड निळी पडली तर ४२०चं ‘पाणी उतरलं’ असण्याची शक्यता मोठी, तो भाग काढून टाका.

६. उरलेला अर्धा मिमी बारीक दगडावर घासून मापात आणा. घासण्याच्या रेषा पट्टीच्या लांबीला समांतर ठेवा आणि कडेची बर काढा. स्प्रिंगची तड बहुतेकदा अशाच खरखरीत कडेवरून सुरू होते.

डोळ्यांना गॉगल, नाकाला डस्ट मास्क आणि ग्राइंडरला गार्ड हवाच. पत्रा मात्र हाताने धरून कापू नका, कितीही लहान असला तरी.

बाहेर कधी पाठवायचं?

आतून गुंतागुंतीचा आकार असेल किंवा ०.१ मिमीपेक्षा कमी फरक चालणार असेल, तर वायर-कट हा खात्रीचा मार्ग. त्यात साधारण ०.२५ मिमी जाडीची पितळी तार पत्र्याला न टेकता विजेच्या ठिणग्यांनी तो कापते. त्यामुळे पत्रा किती कडक आहे, याने फरक पडत नाही. अनेक पत्रे एकावर एक ठेवून एकदम कापता येतात.

पट्ट्या जास्त असतील तर लेझर स्वस्त पडतो, पण कडेला थोडी उष्णता लागते.

४२०चं पातं बनवायचं असेल तर पत्रा नरम असतानाच कापून, मग त्याला पाणी देणं सोपं. दाबून कडक केलेल्या ३०१ला ही सोय नाही. म्हणून अशी एकच पट्टी हवी असेल तर ती वर्कशॉपमध्ये थांबत-थांबत कापावी. दर हंगामात लागत असेल, तर फवारणी सुरू होण्याआधी दहा-वीस पट्ट्या एकाच फेरीत कापून आणून ठेवणं फायद्याचं.