उरलेल्या हॅमची कुळकथा

नाताळ उलटला की अमेरिकेतल्या कितीतरी घरांत एकच खल चालतो: हॅमचं काय करायचं? डुकराची मागची अख्खी मांडी, हाडासकट सात-आठ किलोंची, आणि जेवायला माणसं जेमतेम दहा. दोन दिवस सँडविचं होतात, तिसऱ्या दिवशी मुलं नाकं मुरडतात, मग उरलेलं सगळं फ्रीझरमध्ये जातं. तिकडे स्थायिक झालेल्या आणि मांसाहाराचं वावडं नसलेल्या मराठी घरांनाही हे नवं नाही.

यात गंमत अशी की हॅम मुळात जन्मालाच आलं ते मांस टिकवण्यासाठी. टिकवलेल्या वस्तूला पुन्हा टिकवायची वेळ का यावी? उत्तर मीठ आणि बर्फ यांच्या भांडणात आहे.

मीठ अर्थातच थोरलं. रोमन मुत्सद्दी केटो याने इसवी सनापूर्वी 160च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या शेवटाला हॅमची कृती आहे. रांजणाच्या तळाशी मीठ पसरायचं, त्यावर मांडी कातडीची बाजू खाली करून ठेवायची, वरून पुन्हा मीठ, मग दुसरी मांडी. पाच दिवसांनी सगळं उपसून वरच्या मांड्या खाली आणि खालच्या वर. बारा दिवस झाले की बाहेर काढून मीठ झाडायचं, दोन दिवस वाऱ्यावर टांगायचं, पुसून तेल चोळायचं, दोन दिवस धुरावर धरायचं, आणि शेवटी तेल व व्हिनेगर चोळून कोठीत लटकवायचं. कीड लागणार नाही, अशी ग्वाहीही तो देतो. चवीबद्दल अक्षर नाही. केटो आचाऱ्याशी नव्हे, शेतमालकाशी बोलतोय.

पुढची दोन हजार वर्षं युरोपातल्या शेतकऱ्याने थोड्याफार फरकाने हेच केलं. हिवाळ्याच्या तोंडावर डुकरं मारायची, कारण बर्फ पडल्यावर त्यांना खायला घालायचं काय? शिवाय मीठ हाडापर्यंत मुरेस्तोवर मांस थंडीमुळे तग धरतं. म्हणजे आपल्या कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरतात, तशी ही तिकडच्या हिवाळ्याची बेगमी. स्वीडनमध्ये नाताळला हॅम आलं. अमेरिकेत ईस्टरलाही ते मानाचं ठरलं, कारण थंडीत मिठात घातलेली मांडी तयार व्हायला वसंत ऋतू उजाडायचा. गोव्याच्या दमट उकाड्यात अख्खी मांडी राखणं जिकिरीचं. तिथे मांस बारीक कापून मीठ, मिरची आणि व्हिनेगर लावून आतड्यात भरतात. चोरिस ते हेच.

जुनं मिठातलं हॅम किती टिकतं? व्हर्जिनियातल्या स्मिथफील्ड गावी 1902 साली तयार झालेलं एक हॅम वखारीच्या आढ्याला नजरचुकीने लटकत राहिलं. वीसेक वर्षांनी पाहतात तर नासलेलं नाही. मालक पी. डी. ग्वॉल्टनी यांनी त्याला पितळी पट्टा चढवला, त्याचा विमा उतरवला आणि ते जाहिरातीसाठी मिरवत नेलं. आज ते तिथल्या संग्रहालयात आहे: काळंठिक्कर, सुरकुतलेलं. खाण्याजोगं आहे म्हणतात, म्हणोत बापडे.

मग आजच्या हॅमला फ्रीझर कशाला? कारण ते त्या घराण्याचं फक्त आडनाव लावतं. विसाव्या शतकात कारखान्यांनी सुयांनी खारं पाणी थेट मांसात टोचायला सुरुवात केली. नायट्राइट हे क्षार अमेरिकी सरकारने 1925 साली मंजूर केले. गुलाबी रंग त्यांचाच. महिन्यांचं काम दिवसांवर आलं, हॅम रसाळ झालं, खारटपणा कमी झाला. पण ज्याच्या जोरावर ते आढ्याला लटकत होतं तो कोरडेपणाच गेला. शिजवलेलं असं हॅम फ्रिजमध्ये चार-पाच दिवस निभतं, बस्स.

इथे बर्फाची एंट्री होते. बर्फ बॉस्टनच्या बाजूच्या तळ्यांतून कापून जहाजाने एकोणिसाव्या शतकात मुंबईपर्यंत येत असे, पण त्याने अन्न गार व्हायचं, गोठायचं नाही. गोठवलं तर हळूहळू गोठायचं, पाण्याचे मोठाले स्फटिक होऊन पेशी फाटायच्या, आणि वितळल्यावर ताटात लगदा यायचा. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला माणूस 1912 साली फरसाठी कोल्ह्यांच्या मागावर लॅब्रडॉरला गेला. तिथल्या इनुइट लोकांनी बर्फाला भोक पाडून मासा वर काढला की बोचऱ्या वाऱ्यात तो बघता बघता दगड होई. महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. ऐन हिवाळ्यात गोठलेला मासा चांगला आणि वसंतात गोठलेला पिचपिचीत, हा फरक त्याच्या जिभेने टिपला आणि डोक्याने सोडवला. लवकर गोठलं की स्फटिक बारीक राहतात. परत येऊन त्याने गार धातूच्या दोन पत्र्यांमध्ये अन्नाची पाकिटं दाबून गोठवणारं यंत्र बनवलं. 1929 साली धंदा 2 कोटी 20 लाख डॉलरना विकला गेला आणि मार्च 1930मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेल्या मांस-भाज्या मांडल्या गेल्या. घरच्या घरी गोठवणं त्यामानाने उशिरा आलं. आधी गावात मोठं शीतगृह असे, त्यातला कप्पा शेतकरी भाड्याने घेई. घरोघरचा फ्रीझर दुसऱ्या महायुद्धानंतरचा.

आता भांडण. खारं पाणी साध्या पाण्याइतक्या लवकर गोठत नाही. भरपूर मीठ असेल तर उणे 21 अंशांपर्यंत पातळ राहतं. घरातला फ्रीझर उणे 18चा. म्हणजे हॅम दगडासारखं दिसलं, तरी आत कडक खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब जिवंत असतात. मीठ वर चरबीच्या खवट होण्याला हातभार लावतं, आणि डुकराची चरबी मुळातच लवकर खवटते. आढ्यावर जे मीठ राखणदार होतं, ते बर्फात खाल्ल्या घराचे वासे मोजायला लागतं. म्हणूनच मीठ न लावलेलं डुकराचं मांस फ्रीझरमध्ये सहा महिने छान राहतं, आणि शिजवलेल्या हॅमची चव एक-दोन महिन्यांत उतरते. विषारी होत नाही. फक्त कळा जाते.

तेव्हा मोठा गोळा तसाच कोंबू नका. बर्ड्सआयचा धडा इथेही लागू: पातळ, लहान तुकडे, एका वेळेपुरतं पाकीट, हवा पिळून काढलेली, वर तारीख. काप पुन्हा सँडविचात नीट लागत नाहीत, पाणी सोडतात. ते अंड्यात, भातात, बटाट्यात घाला.

हाड मात्र या सगळ्यातलं खरं धन. अमेरिकी सिनेटच्या उपाहारगृहात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पांढऱ्या घेवड्याचं सूप जवळजवळ रोज मिळतं, आणि त्यात डुकराच्या तंगडीचा हाडासकट सांधा शिजवलेला असतो. ही प्रथा आयडाहोच्या सिनेटरने पाडली की मिनेसोटाच्या, यावर दोन दावे आहेत. हाड गोठवलं तरी त्याच्या रसाचं फारसं बिघडत नाही. भिजवलेल्या घेवड्यात किंवा वाटाण्याच्या डाळीत ते दोन-तीन तास मंद आचेवर ठेवा. मीठ मात्र अगदी शेवटी, चाखून. बहुतेक वेळा घालावंच लागत नाही.