इजिप्तच्या स्त्रिया व पश्चिमेचा आदर्श

पश्चिमेकडील स्त्रीस्वातंत्र्याची कल्पना मुसलमानी समाजांतील स्त्रियांस मानवेल कीं नाहीं, हा प्रश्न पुष्कळदां असा विचारला जातो कीं, जणुं ती कल्पना म्हणजे परदेशांतून आणलेला शिवलेला अंगरखाच आहे, आणि तो अंगास बसतो कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें आहे. इजिप्तच्या इतिहासाकडे वळलें म्हणजे प्रश्नाचें हें रूप टिकत नाहीं.

१८८३ पासून १९०७ पर्यंत इजिप्तच्या कारभाराचीं सूत्रें लॉर्ड क्रोमर यांच्या हातीं होतीं. मुसलमानी स्त्रीची हीन स्थिति हें त्या देशाच्या मागासलेपणाचें एक मोठें कारण होय, असें त्यांनीं १९०८ च्या आपल्या ग्रंथांत मोठ्या आवेशानें मांडलें. परंतु यांच्याच कारकीर्दींत सरकारी शाळांतून फीची वाढ झाली. आणि विलायतेस परतल्यावर हेच गृहस्थ स्त्रियांच्या मताधिकारास विरोध करणाऱ्या पुरुषसंघाचे पुढारी झाले! कैरोच्या स्त्रीविषयीं एवढा कळवळा, आणि लंडनच्या स्त्रीस मात्र मतपेटीची बंदी. असा वकील लाभला म्हणजे पक्षकाराचें जें होतें तेंच झालें. फ्रान्समध्यें कायदा शिकलेले न्यायाधीश कासिम अमीन यांनीं १८९९ मध्यें ‘स्त्रीची मुक्ति’ हें पुस्तक लिहिलें, तेव्हां सुधारणा म्हणजे परक्यांची तळी उचलणें, असा ओरडा झाला.

या गदारोळांत मला सर्वांत विचारी वाटते ती मलक हिफनी नासिफ. ही शिक्षिका. विवाह होऊन फय्यूम प्रांतीं गेल्यावर, पतीस पूर्वींचीच एक बायको आहे असें तिला कळलें. टोपणनांवानें ती लिहूं लागली. पडदा तात्काळ टाकावा हें तिला मान्य नव्हतें. पण त्याचें कारण सनातन्यांचें नव्हतें. काल पुरुषानें सांगितलें म्हणून चेहरा झांकावयाचा आणि आज पुरुषानेंच सांगितलें म्हणून उघडावयाचा, यांत स्त्रीची इच्छा कोठें आली, असा तिचा रोख होता. १९११ मध्यें तिनें इजिप्ती परिषदेपुढें १० मागण्या ठेवल्या. मुलींचें शिक्षण आणि कांहीं जणींस वैद्यकीचें ज्ञान या त्यांपैकीं होत. एकीकडे बुरखा ठेवा म्हणणारी हीच बाई बहुपत्नीत्वावर मात्र सडकून लिहीत असे. १९१८ मध्यें, वयाच्या ३२ व्या वर्षीं, ती वारली.

हुदा शारावी यांची वाट निराळी. १९१९ च्या इंग्रजविरोधी उठावांत कैरोच्या बुरखाधारी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्यांत त्या अग्रभागीं होत्या. १९२३ मध्यें त्यांनीं स्त्रीसंघ स्थापिला, रोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस हजेरी लावली, आणि परततांना कैरोच्या स्टेशनावर तोंडावरील जाळी दूर केली. त्याच वर्षीं विवाहाचें वय मुलीस १६ व मुलास १८ ठरलें. मत मात्र केवळ पुरुषांस मिळालें. ज्या पुढाऱ्यांबरोबर त्या लढल्या, त्यांनींच हें केलें! युरोपांतील भगिनींशीं शारावींचा स्नेह होता, पण डोळे मिटलेले नव्हते. १९३८ मध्यें पॅलेस्टाइनच्या बाजूनें पूर्वेकडील स्त्रियांची परिषद त्यांनीं कैरोसच भरविली.

स्त्रियांस मताधिकार १९५६ मध्यें मिळाला, तो पाहण्यास शारावी हयात नव्हत्या. आणि ज्या बहुपत्नीत्वाचा चटका मलकनें सोसला होता, तें इजिप्तच्या कायद्यांत अद्यापिही निषिद्ध झालेलें नाहीं.