आरोळीचे नेतृत्व

२००८ साली आयपीएल सुरू झाली आणि सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या परदेशी चीअरलीडर्सवरून महाराष्ट्रात अश्लीलतेचा वाद पेटला. त्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीतच धरली होती: हे काम मुळात स्त्रियांचे, आणि पाहण्याजोगे. इतिहास निराळे सांगतो. या शब्दातला ‘लीडर’ एके काळी शब्दशः खरा होता, आणि तो पुरुष असे.

१८६९ मधला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचा सामना अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना मानला जातो. प्रिन्स्टनची एक आरोळी वाफेच्या इंजिनासारखी संथ सुरू होऊन वेग घेत जाई. म्हणून तिचे नावच ‘लोकोमोटिव्ह’. अक्षरे बहुतांशी निरर्थक, किमया सारी लयीची. (पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचे ‘जी जी’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.) प्रिन्स्टनचा पदवीधर थॉमस पीबल्स याने १८८४ मध्ये ही प्रथा मिनेसोटा विद्यापीठात नेली. तिथला संघ १८९८ च्या मोसमात वारंवार हरत होता. नोव्हेंबरात नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या सामन्यात जॉनी कँपबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर येऊन उभा राहिला आणि विस्कळीत गोंगाटाला त्याने एका तालात बांधले. मिनेसोटा जिंकले. विजयाचे श्रेय आरोळीला किती द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे; संघटित चीअरलीडिंगचा आरंभ मात्र तिथूनच मोजतात.

पुढे काही दशके हा मान समजला जाई, कारण जमावाला हुकमी बोलते करणे हा पुढारीपणाचाच गुण. १९०३ मध्ये हार्वर्डच्या एका सामन्यात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ते काम केले. हजारो लोकांपुढे हातपाय हलवताना आपण मूर्ख दिसलो, असे त्यांनी आईला कळवले. गुडघा दुखावल्याने खेळ सुटलेले आयझेनहॉवरही वेस्ट पॉइंटला चीअरलीडर झाले होते.

मिनेसोटात १९२३ मध्ये स्त्रिया या पथकात आल्या. तीसच्या दशकात त्यांच्यावर घेतला गेलेला एक आक्षेप आज वाचताना गंमत वाटते: ओरडून ओरडून मुलींचा आवाज राकट होईल, त्या पुरुषी बनतील! म्हणजे भय होते ते आवाजाचे. देहप्रदर्शनाचा आरोप पुढचा. दुसऱ्या महायुद्धात तरुण आघाडीवर गेले, जागा मुलींनी भरल्या आणि पुढे त्यांचेच बहुमत झाले. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी टेक्ससमध्ये प्रशिक्षण शिबिर भरवले, तेव्हा ५२ मुली होत्या आणि मुलगा एकच. याच हर्किमर यांनी पुढे पॉमपॉमच्या एका रचनेचे पेटंट मिळवले. मेगाफोनच्या हातात पॉमपॉम आले, आणि कवायत, उड्या, मनोरे यांनी पथकाला स्वतःचे कसब दिले. पण ज्या गर्दीला बोलते करायचे, ती हळूहळू नुसती पाहू लागली. स्त्रियांच्या वाट्याला हे पद आले तेव्हाच त्यातले नेतृत्व ओसरावे, हा मला योगायोग वाटत नाही.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठात आजही ‘येल लीडर’ विद्यार्थ्यांच्या मतदानाने निवडले जातात. पांढरे कपडे, हाती काही नाही. ते हाताने खूण करतात, आणि स्टेडियम एका आवाजात गर्जते.