चितारओळीतला लाकडी बैल

पोळा जवळ आला की पुण्या-मुंबईकडचे आमचे नातेवाईक हमखास विचारतात, "तुमच्या नागपुरात पोळा दोन दिवस कसा हो?" दर वर्षी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा यंदा लिहूनच काढतो.

पहिला पोळा श्रावण अमावास्येचा, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लेकरांचा तान्हा पोळा. पोरं सजवलेला लाकडी बैल दोरीने ओढत घरोघरी जातात आणि बोजारा घेतात. बोजारा म्हणजे बैलाच्या मालकाला मिळणारी ओवाळणी: चार पैसे, नाहीतर खाऊ.

ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केली, असं भोसले घराण्यात सांगतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. शेतीची आणि बैलाची ओळख लहानपणीच व्हावी, पण मोठ्या जनावराच्या पायाखाली पोर येऊ नये, म्हणून लाकडाचा बैल. महालातल्या भोसले वाड्यात आजही एक भला मोठा लाकडी नंदी आहे. तान्ह्या पोळ्याला त्याची पूजा होते, मिरवणूक निघते.

बैल घ्यायचा तर जायचं चितारओळीत. नावातच चितारी आहेत. मूर्ती घडवणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. गंमत अशी, की कोकणात सावंतवाडीलाही लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली चितार आळी आहे. तिथे राज्य सावंत-भोसल्यांचं, इथे नागपूरकर भोसल्यांचं. घराणी वेगळी, पण दोन्ही राजधान्यांत रंगाऱ्यांची गल्ली आहेच.

चाकांवरचं जनावर मात्र भोसल्यांहून फार जुनं. १९७४ साली दायमाबादला (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बहुतेक जण त्या तीन हजार वर्षांपेक्षा जुन्या मानतात. खेळ असो की पूजा, जनावराला चाकं लावायची कल्पना आपल्या मातीत मुरलेली आहे.

आता घडणीकडे वळू. लाकडी बैल सोपा दिसतो, पण लाकूड हट्टी असतं. त्याची रेष ज्या दिशेने जाते तिकडे ते बळकट, आडवं कापलं की ठिसूळ. धडाची रेष आडवी हवी आणि पायांची उभी. सगळा बैल एकाच ठोकळ्यातून काढला तर पाय मोडायची भीती. म्हणून मोठ्या बैलाचे पाय वेगळे करून कुसू पाडून बसवतात. शिंगं आणि कान वेगळे घडवून खोबणीत बसवले, की पुढे एखादं शिंग मोडलं तरी बैल टाकावा लागत नाही, शिंग बदलता येतं. मग कानस, पॉलिश पेपर, भेगा बुजवणं आणि रंगाचे हात. खाली फळी, फळीला चार चाकं, पुढे दोरीसाठी कडी.

शिंगांची एक गोष्ट मला फार दिवस कोड्यात टाकत होती. आमच्या वर्धा-नागपूर भागाची खास जात म्हणजे गवळाऊ. पांढरी, लांबट, चपळ. मराठ्यांच्या फौजेची रसद झपाट्याने न्यावी म्हणून ही जात जोपासली गेली, असं मानतात. तिची शिंगं आखूड, बोथट. मग लाकडी बैलाची शिंगं बहुधा उंच आणि चंद्रकोरीसारखी का? मला वाटतं, कारागीर बैलाची नक्कल करतच नाही. तो सजावटीला जागा करून देतो. उंच शिंगाला बेगड गुंडाळता येते, गोंडा बांधता येतो. वशिंड ठसठशीत असलं की झूल त्याच्यामागे नीट बसते. मान भरदार असली की घुंगरमाळ उठून दिसते. म्हणजे कारागिराने बैल अर्धाच केलेला असतो. उरलेला घरी पुरा व्हायचा.

त्याच दिवशी सकाळी नागपुरात मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. एका दिवसात शहर दोन गोष्टी सजवतं. एक सकाळी मिरवून जाळायला, दुसरी संध्याकाळी मिरवून पुन्हा माळ्यावर जपून ठेवायला. म्हणून एकच बैल आजोबांकडून नातवाकडे येतो, दर वर्षी नव्या झुलीसकट.

हल्ली हाताने केलेल्या, जुन्या धाटणीच्या वस्तूंची हौस जगभर वाढली आहे. हवाईत लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या पूर्वी कोआसारख्या लाकडाच्या असत. १९५० च्या दशकाच्या शेवटी फोम आला आणि लाकूड मागे पडलं. आता काही हौशी लोक पुन्हा लाकडाच्या फळ्या घडवतात, जुन्या पद्धतीने रंगवतात. मला त्यांचं कौतुक वाटतं, कारण ती फळी ते समुद्रात नेतात. आपल्याकडे सागवानाचा गुळगुळीत, पॉलिश केलेला बैल दिवाणखान्यात काचेमागे उभा दिसतो. दिसतो देखणा, पण त्याला ना दोरी, ना झूल.

मी इतिहासाचा मास्तर. वर्गात वेसण, कासरा, वशिंड, झूल हे शब्द आले, की शेताशी कधी संबंध न आलेली शहरी पोरंही हात वर करायची. त्यांनी ते शब्द पुस्तकातून घेतलेले नसायचे. आदल्याच महिन्यात आपल्या हातांनी बांधलेले असायचे. आता गावांतही ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे होत चालले. शहरातल्या पुष्कळ मुलांचा हात लागेल असा बैल आता हाच एक. तो काचेमागे गेला, तर शब्दही त्याच्याबरोबर जातील.

तेव्हा बैल विकत घ्या, महाग घ्या, स्वस्त घ्या, पण सजवलेला घेऊ नका. झुलीला जुन्या साडीचा काठ पुरतो, वेसणीला सुतळी. शिवण वाकडी झाली तरी चालेल.

असो. तुमच्या घरच्या बैलाची झूल कोण शिवायचं? आठवत असेल तर जरूर लिहा.