हरकत नाही!

घरपट्टीलाही इतिहास असतो, म्हटलं की आमच्या पानठेल्यावरची मंडळी हसतात. पण असतो, भाऊ! वर्धा शहर १८६६ साली पालकवाडीच्या जागेवर वसलं. मागोमाग नगरपालिका आली आणि तिच्या बोटाला धरून घरपट्टी आली. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार फेरआकारणीची यादी लागते, हरकती मागवल्या जातात. मी यादी बघायला जातो तो आधी शेजाऱ्याचा आकडा शोधतो! गंमत अशी की, 'हरकत आहे काय?' एवढंच विचारतात. 'वाढ मंजूर आहे काय?' असं चुकूनही नाही. जो लिहीत नाही तो राजी. मौनं संमतिलक्षणम्! १९३६ साली सेवाग्रामला आलेले गांधीजी सोमवारी मौन पाळत. आम्ही करदाते सातही वार पाळतो.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सने १९९९ साली चक्क मतदान घेतलं. करवाढ ५ टक्के, ९.८ की १५? स्वस्तातले ५ समोर असताना लोकांनी ९.८ निवडले! विचारलं की माणूस नालीसाठी, दिव्यासाठी खिसा सैल सोडतो. आमचा खिसा घट्ट आहे, असं समजू नका. त्याला अजून कोणी विचारलंच नाही.