परवाना

उर्दूत परवाना म्हणजे शमेवर झेपावणारा पतंग आणि परवाना म्हणजे लेखी हुकूमही. मराठीने पतंग सोडून दिला, कागद तेवढा ठेवला. फुटबॉल विश्वचषकाच्या अधिकृत व्हिडिओ गेमचा इतिहास पाहताना हा शब्द मला सारखा आठवतो, कारण त्याची सुरुवातच नुसत्या कागदाने झाली.

1986 साली विश्वचषक मेक्सिकोत होता. बर्मिंगहॅमच्या यू.एस. गोल्ड कंपनीने त्याचं अधिकृत नाव वापरायचा हक्क मिळवला. गेम मात्र वेळेत तयार होईना. मग त्यांनी आर्टिक कंपनीचा 1984 चा जुना फुटबॉल गेम घेतला, किरकोळ रंगरंगोटी केली आणि 'वर्ल्ड कप कार्निव्हल' नावाने जवळपास दहा पौंडांना विकायला काढला. खोक्यात भिंतीवर लावायचा सामन्यांचा तक्ता आणि असंच बरंच काही भरलेलं. कॅसेट लावली की पडद्यावर तोच दोन वर्षांपूर्वीचा रटाळ खेळ. मासिकांनी कंपनीला सोलून काढलं. शिक्का अस्सल, माल शिळा!

1993 मध्ये ईए कंपनीने 'फिफा इंटरनॅशनल सॉकर' आणला. फिफाचं नाव मिळालं, पण त्यातल्या खेळाडूंची नावं काल्पनिक होती. खेळाडूंच्या नावांचा हक्क वेगळा विकत घ्यावा लागतो.

माझी या गेमशी ओळख झाली ती पुढच्या भागातून. 1997 चा 'रोड टू वर्ल्ड कप 98'. मोहल्ल्यातल्या एका मित्राकडे कॉम्प्युटर होता आणि सीडी कुठून आली होती ते विचारू नका. अधिकृत गेमची ती अजिबात अधिकृत नसलेली प्रत होती. त्या गेमचं मोठेपण संघांच्या यादीत होतं. 172 राष्ट्रीय संघ त्यात होते. ब्राझील सोडून आम्ही भारत निवडला. आजवर आपण विश्वचषकाची अंतिम फेरी खेळलेलो नाही, 1950 ला संधी होती तीही सोडली. पण त्या पडद्यावर पात्रता फेरीपासून सुरुवात करून फ्रान्सपर्यंत जायची मुभा होती. आम्ही काही पोहोचलो नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या यादीत पॅलेस्टाईन नव्हतं. फिफाने त्यांना सदस्यत्व दिलं ते 1998 मध्ये.

एप्रिल 2014 मध्ये ब्राझील विश्वचषकाचा स्वतंत्र गेम आला, त्यात 203 संघ होते. पॅलेस्टाईन होतं, अफगाणिस्तान होतं, आपणही होतो. प्रत्यक्षात पॅलेस्टाईनने 2011 मध्ये अफगाणिस्तानला हरवलं आणि पुढच्या फेरीत थायलंडकडून ते बाद झाले. भारत त्याच सुमारास संयुक्त अरब अमिरातीकडून हरला. गेममध्ये मात्र यातला कुठलाही संघ घेऊन रिओपर्यंतची वाट चालता येत होती. नवी यंत्रं बाजारात येऊन काही महिने झाले असताना कंपनीने हा गेम फक्त जुन्या पिढीच्या यंत्रांसाठी काढला. तिचं मन यातून उडालं होतं, असंच मला वाटतं.

2018 ला वेगळा गेम आलाच नाही. नेहमीच्या वार्षिक गेममध्ये विश्वचषक फुकट जोडून दिला. 2022 ला कतारच्या वेळीही तेच. फुकट मिळालं म्हणून मुलं खूश होती, माझ्या वर्गातलीही. मोरोक्को उपांत्य फेरीत पोहोचला, असं करणारा पहिला अरब आणि पहिला आफ्रिकी संघ, तेव्हा तर वर्गात दुसरा विषयच नव्हता. पण पात्रता फेरी गेली होती, आणि तिच्याबरोबर ती 203 नावांची यादीही.

त्याच वर्षी मे महिन्यात ईए आणि फिफा यांनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. जवळपास तीस वर्षांची सोबत संपली. कंपनीने गेमचं नाव बदलून 'ईए स्पोर्ट्स एफसी' केलं. विद्यार्थी अजूनही त्याला 'फिफा'च म्हणतात. एकाला 2014 ची यादी दाखवली तर त्याने आधी भारत शोधला, मग विचारलं, "सर, यात पॅलेस्टाईन कसं घ्यायचं?"